नापास गावांची वही

मी एकदा एक अख्खं गाव नापास केलं. दीडशे उंबऱ्यांचं, चांगलं नांदतं गाव. तेही कशापायी, तर कान्याच्या जागी मला उकार ऐकू आला म्हणून. नातवंडं आता शुद्धलेखन विचारायला येतात तेव्हा मी ठामपणे सांगते खरी, पण मनात ते गाव उभं राहतं आणि म्हणतं, "हिला काय विचारताय?"

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. लग्न होऊन पुण्याहून सोलापूरला आले त्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. मराठी पाचवी पास होते आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला कळेल अशी व्यवस्था मी करत असे. एकदा भांडी घासणाऱ्या बाईला राख कमी घे म्हणून सांगताना मी "आम्हाला पाचवीला होतं हे" असंही म्हणाले होते. शाळेनं मला एवढं दिलं. अक्कल रुखवतात द्यायची तेवढी राहून गेली असावी.

हे तिथल्या एका शाळेत मास्तर होते. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर मोजणीकाकांचं. काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं साखळी धरून शेतं मोजल्यामुळं त्यांचं पाऊल ठरीव अंतरावरच पडे. देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा त्यांचे ओठ हलत, आणि बायकांना वाटे काका नाम घेतात. ते पावलं मोजत असत. मी या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांनी मला आशीर्वाद दिला आणि लगेच पुढं म्हणाले, "सूनबाई, तुझ्या चुलीपासून हंड्यापर्यंत अकरा पावलं आहेत. जास्त आहेत. माणूस आळसानं पाणी कमी वापरेल. उत्तम."

त्यांच्या घरात त्यांची थोरली बहीण होती. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे. लहान वयात कपाळ पुसून भावाकडं आलेल्या, एवढंच मला माहीत होतं. आक्का दिवसाकाठी मोजून आठ-दहा वाक्यं बोलत. त्यांतली चार "हं" अशी असत.

काकांना एकच ध्यास होता. सोलापूर जिल्ह्यात असं एक तरी गाव सापडलं पाहिजे, की तीन वर्षं पाऊस पडला नाही, आगगाडी बंद झाली, वर पटकी आली, प्लेग आला, तरी ते आपल्या शिवेच्या आत आपलं आपण जगेल. असं गाव सापडलं की हे घर विकायचं आणि तिथं जाऊन राहायचं. आक्का बरोबर जाणार हे धरलेलंच होतं. आणि आमच्या ह्यांनी, एका संध्याकाळी भारावून जाऊन, "काका, तुम्ही गाव शोधा, मी तिथं शाळा काढतो," असा शब्द देऊन टाकला होता. म्हणजे गाव पास झालं की मीही चालले. मला कुणी विचारलं नव्हतं. पाचवी पास असूनही.

मला तर सोलापूर सोडायचंच नव्हतं. गिरणीच्या भोंग्यावर मी भात चढवायला शिकले होते. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा बघितली होती आणि पुढच्या वर्षी पाळण्यात दोनदा बसायचं असं मनाशी ठरवलं होतं. तंबूतला सिनेमा एकदा पाहिला होता. आता कुठल्या तरी माळावर जाऊन हुलग्याचं माडगं पीत तीन वर्षं पावसाची वाट बघायची, हे काही माझ्या स्वप्नात नव्हतं.

पण काकांना हसायची सोय नव्हती, कारण त्यांचं वेड कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला तेव्हा ही दोघं भावंडं आईचं बोट धरून गावाहून सोलापूरच्या वाटेला लागली होती, खडी फोडायच्या कामावर. शहरात पोचली ती दोघंच. एवढंच ते सांगत, तेही एकदाच सांगितलं. पण त्यापुढं एक वाक्य म्हणाले ते माझ्या ध्यानात राहिलं. "सूनबाई, आमच्या गावात पेव भरलेलं होतं. जमिनीत दोन पुरुष खोल, तोंडापर्यंत जोंधळा. धान्य नव्हतं म्हणून आम्ही नाही निघालो. पेव एकाचं होतं आणि भूक सगळ्यांची होती."

म्हणून त्यांच्या वहीतला पहिला प्रश्न होता, पेव कुणाचं?

ती वही म्हणजे खात्यातलं जुनं मोजणीचं रजिस्टर. एका पानाला एक गाव. एकवीस प्रश्न, शंभर गुण. लोहार, सुतार, कुंभार गावचे की परगावचे. सुईण कुणाची. बाभळी किती, म्हणजे औताला लाकूड किती. साथ आली तर माळावर झोपड्या कुठं घालणार. बाजारातून काय काय आणावं लागतं. "मीठ आणि जावई, एवढं बाहेरून आलं तर चालतं," असं ते म्हणत. बार्शीकडची गावं या प्रश्नावर पटापट गळत, कारण बाजार इतका जवळ, की तिथल्या लोकांना सुईदोऱ्यासाठीही गाडी जोडायची सवय.

गाव बघायचं ते वैशाखातच, तेही भर दुपारी, असा त्यांचा नियम. "मार्गशीर्षात काय, सगळीच गावं बोहल्यावरच्या नवरीसारखी. वैशाखात बघावं, हळद उतरल्यावर."

आणि त्यांच्या दोन परीक्षा वहीत नव्हत्या, डोळ्यांत होत्या. पहिली पाण्याची. शिवेवरच्या पहिल्या घरी जाऊन पाणी मागायचं. घरातल्या बाईनं तांब्या बुडवण्याआधी हंड्यात वाकून बघितलं, की गाव गेलं. न बघता बुडवला तर गाव पुढच्या प्रश्नाला पात्र. दुसरी भाकरीची. पाहुण्याला नव्या जोंधळ्याची पांढरीशुभ्र भाकरी वाढणारं गाव त्यांच्या लेखी उधळं. भाकरी जराशी तांबूस आणि पेवातल्या कुबट वासाची असली की काकांचा चेहरा उजळे. नवं पुरून जुनं खाणारं गाव म्हणजे शहाणं गाव. आमच्याकडं कुणी चांगल्या वासाची भाकरी केली की ते जरा नाराजच होत.

घरातही ते आम्हाला तयारीत ठेवत. दर अमावास्येला दुष्काळाची तालीम असे. त्या दिवशी माणशी दोन तांबे पाणी, नळाला हात लावायचा नाही, बाजाराची वस्तू घरात आणायची नाही, रॉकेलचा दिवा नाही. ट्रंकेतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाडेकरूंनाही तालीम सक्तीची. आमच्या भाडेचिठ्ठीत तसं कलम होतं, आणि ह्यांनी ते न वाचता सही केली होती.

माझा भाऊ पहिल्यांदा माझ्याकडं आला तो नेमका अमावास्येला. आईनं दिलेली बर्फीची पेटी घेऊन, उन्हातून, घामाघूम. दारातच काकांनी त्याला अडवलं. पेटी काढून घेतली आणि ओट्यावरच्या फडताळात कुलूपबंद केली.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"उद्या," काका म्हणाले. "आज दुष्काळ आहे."

"पण मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार."

"मग तू दुष्काळातच येऊन गेलास असं समज."

मी आतून रडत होते आणि आक्का माझ्या वाटणीच्या दोन तांब्यांतलं पाणी डोळ्यांना लावू नकोस म्हणून खुणेनं सांगत होत्या. भाऊ पुण्याला जाऊन आईला म्हणाला, ताईच्या घरी वेड्यांचा कारभार आहे, पण माणसं प्रेमळ आहेत, मला त्यांनी जाताना आठ कडक भाकऱ्या बांधून दिल्या.

आता मी या गावं बघण्यात कशी शिरले ते सांगते. काकांचं म्हणणं, पुरुष पाण्याबद्दल खोटं बोलतात. पाटलाला विचारलं तर तो म्हणणार, लई पाणी. त्याला काय, भरते बायको. खरं पाणी बायकांना माहीत. पण बायका परक्या पुरुषाशी काय बोलणार? आणि आक्का तर कुणाशीच बोलत नसत. म्हणून त्या वैशाखात काकांनी मला बरोबर घेतलं. आक्का सोबतीला, मी चौकशीला. मला कोण आनंद. मी पुण्याची छत्री उघडून दमणीत, म्हणजे माणसांच्या हलक्या बैलगाडीत बसले आणि वाटेत भेटेल त्या बाईला मामलेदारासारखे प्रश्न विचारू लागले.

पहिली तीन गावं पडली. त्यांतलं करकंबच्या पुढचं एक तर मला फार आवडलं होतं. तिथला म्हातारा पाटील इतका गोड माणूस. "या की काका, ऱ्हावा हितंच. जागा लई हाय. तुमी या, तुमचं पाव्हणं आणा, कुनीबी या." त्यानं आम्हाला गुळपाणी दिलं, सावलीला बसवलं. काकांनी दमणीत बसताच पान खोललं आणि शून्य टाकलं.

"अहो, का?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं का, तुम्ही किती जण, काय खाता, काय करता? ज्या गावाला नाही म्हणता येत नाही, ते गाव दुष्काळात पहिल्या महिन्यात बसतं. दार सताड उघडं ठेवून पेव टिकत नाही."

"पण मग आपल्याला राहायला कोण घेणार?"

काकांनी माझ्याकडं बघितलं आणि विषय बदलला.

चौथं गाव मैंदर्गीच्या अलीकडचं. अक्कलकोट रोड स्टेशनपर्यंत आगगाडीनं, पुढं बैलगाडी. काकांची उभी नोकरी उत्तरेकडं गेलेली, बार्शी, करमाळा, माढा. या कानडी बाजूचं गाव ते प्रथमच बघत होते. गावात शिरताच त्यांचा श्वास बदलला. शिवेवरच्या घरी पाणी मागितलं, बाईनं न बघता तांब्या बुडवला. लोहार गावचा, कुंभार गावचा. आणि पेव मठाचं. प्रत्येक उंबरा दरसाल त्यात आपापला वाटा घालतो आणि उघडायचं कधी ते सगळे मिळून ठरवतात, असं मठातल्या स्वामींनी सांगितलं तेव्हा काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. मला माझा पाळणा दिसेनासा झाला.

राहिला एकच प्रश्न. पिण्याची विहीर मृगापर्यंत पुरते का?

विहिरीवर बायका होत्या. बायका पाण्यावर असताना पुरुषानं तिकडं बघू नये हा काकांचा दंडक. ते लिंबाखाली विहिरीकडं पाठ करून बसले आणि मला पाठवलं. आक्का विहिरीच्या पायरीवर टेकल्या. मी छत्री मिटून एका ठसठशीत म्हातारीपुढं उभी राहिले. कपाळावर विभूती, हातभर हिरव्या बांगड्या. मी शक्य तितक्या मोठ्यानं विचारलं, कारण परकी भाषा मोठ्यानं बोललं की समजते असं मला पाचवीपर्यंत कुणी सांगितलं नसलं तरी माझं मत होतं, "आजी, हे पाणी मृगापर्यंत टिकतं का? मृग? पाऊस?"

तिनं माझ्याकडं, मग माझ्या छत्रीकडं बघितलं. पंजा आडवा हलवला आणि म्हणाली, "साकु. साकु."

मी ऐकलं, सुकं. सुकं.

पंजासुद्धा तसाच हलला होता, संपलं म्हणताना हलवतात तसा. मी जवळजवळ पळतच लिंबाखाली आले. "काका, सुकतं म्हणते. दोनदा म्हणाली." काकांनी विहिरीकडं न वळता विचारलं, "नीट ऐकलंस, सूनबाई?" "अहो, मी पाचवी पास आहे," मी म्हणाले. आक्का मागून आल्या. त्यांनी "हं" म्हटलं आणि गाडीत चढल्या.

परतताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. लबाडी केली नव्हती हो मी. पण कानाला जे हवं असतं ते ऐकू यायला कान फार तयार असतो, हे आता कळतं.

त्या वर्षी काकांनी उरलेली गावं बघितली नाहीत. वही फडताळावर चढली. "जिल्हा नापास," एवढंच एकदा ह्यांना म्हणाले. मी सुखात होते. मग अमावास्या आली. मी शहाण्यासारखी दोन तांबे भरून ठेवले, ट्रंक उघडली, आणि बघते तर काका ओट्यावर बसून बाजारच्या साखरेचा चहा पीत होते.

"काका, आज तालीम ना?"

"कशाची तालीम? नाटकच होणार नाहीये," ते म्हणाले.

त्या दिवशी नळाचं पाणी मुबलक वापरलं मी, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. पुढच्या अमावास्येलाही तेच. काका देवळात जात, पण ओठ हलत नसत. पावलं लहानमोठी पडू लागली. एकदा तर उंबऱ्याला ठेच लागली त्यांना, ज्या उंबऱ्याचं माप त्यांना झोपेतही पाठ होतं.

दिवाळी झाली. पाऊस त्या साली ओढच देऊन गेला होता. एका मंगळवारी मी बाजारात भाजी घेत होते. शेजारी एक कानडी बाई उभी. भाजीवाली तिच्या पिशवीत वांगी घालत होती, घालतच होती. पिशवी शिगोशीग भरली तशी त्या बाईनं पंजा आडवा हलवला आणि म्हणाली, "साकु, साकु."

तोच पंजा. तोच शब्द.

मी भाजीवालीला विचारलं, "साकु म्हणजे काय गं?"

"साकु म्हंजे पुरं की बाई. भरलं, पुरं झालं. लई हाय, आता नगं." ती माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "सोलापुरात ऱ्हाता आन साकु ठावं न्हाय व्हय?"

मी वांगी न घेताच घरी आले.

आठ दिवस मी तो शब्द गिळून बसले. सांगावं तर गाव पास, घर विक्रीला, पाळणा गेला. न सांगावं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. मी स्वतःला पुष्कळ समजावलं की एका शब्दानं काय होतंय. नवव्या दिवशी अमावास्या होती. काकांनी सकाळीच नळाखाली बादली लावली आणि ती भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पाणी वाहत वाहत अंगणापर्यंत गेलं. मी नळ बंद केला आणि तिथंच ओल्या फरशीवर उभी राहून सगळं सांगून टाकलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पंजा कसा हलवला? दाखव."

मी दाखवला.

"पुन्हा दाखव."

तीनदा दाखवायला लावलं. मग वही काढली, ते पान उघडलं आणि खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं, निकाल राखून ठेवला आहे. कारण, दुभाषी नवशिकी. मला वाचूनही दाखवलं. मग म्हणाले, "सूनबाई, आज अमावास्या ना? त्या बादलीतले दोन तांबे तुझे. बाकीचं झाडांना."

ट्रंक उघडली. त्या दिवशीची कडक भाकरी मी हसत हसत खाल्ली आणि नंतर आमच्या खोलीत जाऊन पाळण्यासाठी थोडी रडले.

तरी वैशाख यायला पाच महिने होते आणि काका नियम मोडायला तयार नव्हते. ह्यांनी एकदा सुचवून बघितलं, तर म्हणाले, "मास्तर, परीक्षा लवकर घेतली तर पोरं पास होतात, म्हणून घेता का तुम्ही?" पण त्यांची पावलं पुन्हा सारखी पडू लागली होती. मी ओठांकडं बघून ओळखत असे. मधल्या संक्रांतीला मी गड्ड्यावर गेलेच नाही, जे गाव सोडायचं तिथं जीव कशाला लावायचा.

वैशाख आला. पाऊस हुकल्यावरचा वैशाख, म्हणजे खरी परीक्षा. वाटेतल्या गावांत विहिरींच्या तळाशी माणसं उतरून वाट्यांनी पाणी भरत होती. आम्ही तिघं त्या गावी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. विहिरीवर बायका होत्या, रहाट चालू होता, आणि घागरी भरून वर येत होत्या. काका लिंबाखाली पाठ करून बसले. रहाटाचा आवाजच ऐकत होते. तेवढ्यावरनं ते खोली मोजत असावेत, कारण बोटं मिटत उघडत होती.

गेल्या सालची म्हातारी तीच होती. सगळे तिला गौरव्वा म्हणत. गावचा शब्द तिच्याकडून निघतो हे एव्हाना कळलं होतं. तिनं मला छत्रीवरनं ओळखलं. या वेळी तीच लिंबाखाली आली, कमरेवर हात ठेवून.

काका उठले, नमस्कार केला. मराठी शब्द सुटे सुटे करत म्हणाले, "आजी, मला तुमच्या गावात राहायचंय. मी, ही माझी बहीण, आणि हे मास्तरांचं कुटुंब. पाणी बघितलं. पेव बघितलं. असं गाव जिल्ह्यात नाही."

गौरव्वानं त्यांना पायापासून टोपीपर्यंत बघितलं. "तुमी काय करता?"

"मी मोजतो," काका म्हणाले. "जमीन."

"आमची जमीन आमाला ठावं हाय."

आयुष्यभर त्यांनी गावांना एकवीस प्रश्न विचारले. गावानं त्यांना एकच विचारला आणि त्यात ते अडले.

गौरव्वानं विहिरीकडं हात केला, मग मठाकडं, मग आम्हा तिघांकडं. सावकाश म्हणाली, "नीर साकु. जोंधळा साकु." आणि तोच पंजा आडवा हलवून, "मंदी साकु."

काका माझ्याकडं वळले. "काय म्हणते?"

मला कळलं होतं. मंदी म्हणजे माणसं, हे मी वर्षभरात बाजारात शिकले होते. वर्षापूर्वी चुकीचं सांगताना कशी तुरुतुरु पळत आले होते, आणि आता बरोबर सांगायचं तर पाय जड.

"काका," मी म्हणाले, "पाणी पुरेसं आहे म्हणते. धान्य पुरेसं आहे. आणि माणसंही पुरेशी आहेत. आणखी नकोत."

रहाट कुरकुरत होता. काकांनी टोपी काढली. मला वाटलं आता हे इथंच खाली बसतात. पण त्यांच्या मिशा हलू लागल्या, आणि मग ते हसले, असे हसले की विहिरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "नाही म्हणता येतं," ते मला म्हणाले. "सूनबाई, बघितलंस? ह्या गावाला नाही म्हणता येतं."

गौरव्वाला वाटलं म्हातारा दुखावला. तिनं त्यांच्या दंडाला धरून घराकडं वळवलं. "बर्री. उंडु होग्री." जेवून जा, म्हणजे. घरात आम्हाला पाटावर बसवून तिनं भाकरी वाढली. भाकरी तांबूस होती. काकांनी तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि इतक्या भक्तीनं जेवले की गौरव्वानं न विचारता आणखी दोन वाढल्या.

वही त्यांनी गाडीत उघडली. शंभरपैकी शंभर. खाली शेरा, उमेदवार नापास, गाव पास. अक्कलकोट रोडपर्यंत ते पुन्हा पुन्हा ते पान बघत होते.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. आहे, एवढं कळलं ना. मी उगाच समजत होतो की जगात नाही."

घर विकलं नाही. काकांनी पुढं अंगणात पेव खणलं, शहराच्या मधोमध, आणि त्यात गल्लीतल्या प्रत्येक घराचा वाटा घालायला लावला. लोक हसले आणि वाटा देत राहिले. काकांच्या पेवाचं तोंड कधी उघडायचं ते सगळी गल्ली मिळून ठरवे, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असे. अमावास्या चुकली नाही. पुढच्या संक्रांतीला मी गड्ड्यावर पाळण्यात चार वेळा बसले. दोनदा माझ्यासाठी, एकदा आक्कांना ओढून नेऊन, आणि एकदा काकांबरोबर. वर गेल्यावर ते म्हणाले, इथून शीव नीट दिसते.

ही गोष्ट इथं संपली असती. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका सणाला मी पंगतीत वाढत होते. काका जेवून ओट्यावर लवंडले होते, त्यांचं घोरणं आतपर्यंत येत होतं. आम्ही दोघीच राहिलो होतो. मी आक्कांच्या ताटात खीर वाढायला गेले, एक पळी, दुसरी पळी. तिसरीला आक्कांनी ताटावर पंजा आडवा धरला आणि सहज म्हणाल्या, "साकु गं."

उच्चार असा स्वच्छ, की मी पळी पातेल्यात परत ठेवली. गौरव्वाचा होता तसा. बाजारात शिकलेला नव्हे.

"आक्का," मी म्हणाले, "तुम्हाला कानडी येतं?"

आक्कांनी ओट्याकडं एकदा कान दिला, घोरणं चालू आहे याची खात्री केली, खिरीचा घास गिळला, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं एवढं लांब बोलल्या.

"मैंदर्गीला सात वर्षं सासुरवास काढलाय मी, त्या पायरीवर बसून मला काय ऐकू येत नव्हतं होय? ह्याला वाटतं, ती भाषा मी कधीच विसरले. पण ह्यानं घर विकलं असतं आणि म्हातारपणी पुन्हा त्याच मैंदर्गीच्या वाटेनं जावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. म्हटलं, पोरगी पाचवी पास आहे, ती कशाला चुकेल."